डीटीपी केंद्राचे परवाने : प्रकल्प नोंदी, नारायण पेठ, पुणे

१ जुलै २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. नारायण पेठेतलं जुनं डीटीपी केंद्र, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून द्यायचं दुकान. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, शाळांचे अहवाल, दोन दिवाळी अंक आणि वर्षभरात काही पुस्तकं. छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये होते, इथून फक्त फाइल जाते. काकांचा लॅपटॉप धरून सात मशिन, चार ऑपरेटर, एक हिशेबनीस. मालक वडिलांचे मित्र, म्हणून मी त्यांना काकाच म्हणते.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. त्यामुळे काकांचा निरोप एवढाच होता, की सगळी मशिन नवीन विंडोजवर आणून दे. मी होकार दिला, पण एक अट घातली : क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याची तपासणी तोडून चालवलेलं, काहीही मी पुन्हा चढवणार नाही. जे राहील ते परवान्यासह राहील. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर दुकान विकावं लागेल. किती लागतील ते कागदावर दे, मग बोलू."

रास्त मागणी आहे. म्हणून पहिलं काम यादीचं. ऑगस्टमध्ये मंडळांच्या पावत्यांची आणि पत्रकांची गर्दी असते, तेव्हा ऑपरेटरांच्या मशिनला हात लावायचा नाही, हेही आजच ठरलं.

३ जुलै

यादी झाली. प्रत्येक मशिनवर काय आहे, कधी चढवलं आणि त्याचं बिल सापडतं का, एवढेच तीन रकाने. बिलाचा रकाना बहुतेक कोराच राहिला.

विंडोज : हिशेबाचं मशिन आणि काकांचा लॅपटॉप ब्रँडेड आहेत, त्यांचं विंडोज कंपनीकडूनच आलेलं. बाकीची पाच असेंबल केलेली, पाचही ॲक्टिव्हेटरने, म्हणजे परवान्याशिवाय, चालू केलेली. काकांना खरंच धक्का बसला. "मी मशिनचे पूर्ण पैसे मोजलेत, त्यात विंडोज होतंच की." बिल काढून बघितलं तर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट असं सगळं लिहिलंय, विंडोज कुठेच नाही. विकणाऱ्याने मशिन दिलं आणि वर विंडोज फुकट घालून दिलं. गिऱ्हाइकाला वाटतं आपण पैसे दिले. असं किती दुकानांत झालं असेल!

पेजमेकर ७ हा पानं लावायचा जुना प्रोग्रॅम चार मशिनवर, चारहीवर एकच सीरियल नंबर. डिझाइनसाठीचं कोरलही चार ठिकाणी, सगळीकडे क्रॅक. फोटोशॉप दोन ठिकाणी, तेही तसंच. ऑफिस सहा मशिनवर. त्यातलं लॅपटॉपवरचं रीतसर पैसे देऊन घेतलेलं आहे, पण ते 'होम अँड स्टुडंट'. ते घरी आणि अभ्यासाला वापरायचं, धंद्याला चालत नाही. पैसे मोजूनही परवाना चुकीचा, हा प्रकार छोट्या ऑफिसांत मी बऱ्याचदा बघते. फाइल दाबून लहान करणारं विनरार सगळीकडे. त्याची चाचणीची मुदत ४० दिवसांची असते, इथे ते वर्षानुवर्षं चाललंय. टॅली मात्र अस्सल, बिलासकट. हिशेबनिसांनीच आग्रह धरला होता.

मराठी फॉन्टचं पॅकेज एका मशिनवर डोंगलसकट (मशिनला लावायचं परवान्याचं उपकरण) विकत घेतलेलं आहे, जुनं बिल काकांच्या फायलीत जपून ठेवलंय. बाकी तीन मशिनवर तेच पॅकेज डोंगलशिवाय चालवणारा पॅच. शिवाय सर्व्हरवर 'ऑल फॉन्ट्स न्यू' नावाचं फोल्डर आणि त्यात नऊशेच्या वर फॉन्ट. कुठून आले हे कोणालाच सांगता येत नाही. पेन ड्राइव्हवरून आले, गिऱ्हाइकांच्या सीडीवरून आले, दुसऱ्या केंद्रातून आले.

खरी डोकेदुखी हे फोल्डर आहे. विंडोज आज बदलता येईल. फॉन्ट बदलला तर पंचवीस वर्षांचं काम वाचता येणार नाही.

८ जुलै

अँटिव्हायरसच्या सेटिंग बघितल्या. अँटिव्हायरस विकत घेतलेला, दरवर्षी नूतनीकरण होतं. पण क्रॅक ज्या फोल्डरमध्ये आहेत ती फोल्डर तपासणीतून वगळलेली. तसं केल्याशिवाय क्रॅक बहुधा चालत नाही, कारण ते दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये बदल करतं आणि अँटिव्हायरस नेमकं तेच पकडतो. म्हणजे पहारेकऱ्याला पगार द्यायचा आणि मागच्या दाराकडे बघू नको असं सांगायचं.

दोन मशिनवर ॲक्टिव्हेटरने स्वतःचं एक काम वेळापत्रकात टाकून ठेवलंय. ठरावीक वेळाने ते पूर्ण अधिकारांनिशी चालतं आणि बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरशी बोलतं. पलीकडे कोण आहे हे काकांना माहीत नाही आणि मलाही कळायला मार्ग नाही. त्याच मशिनवर लोकांच्या पत्रिकांमधले पत्ते, शाळेच्या अहवालांतल्या मुलांच्या याद्या, लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं पडलेली आहेत. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते मुख्यतः अशाच क्रॅक आणि कीजेनमधून (खोटे सीरियल नंबर बनवणारे प्रोग्रॅम). ते फाइल कुलूपबंद करून पैसे मागतं. काकांना मी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नुकसानीच्या आधी हे दाखवलं. त्यांनी विचारलं, "दिवाळी अंक जाण्याच्या आठवड्यात असं झालं तर?" बॅकअप केंद्रातल्याच सर्व्हरवर होता.

आजच बाहेरची एक हार्ड डिस्क आणून बॅकअप वेगळा केला. तपकीर गल्लीतून आणली, पक्कं बिल घेतलं.

११ जुलै

कायदा वाचून काकांसाठी एक पान लिहिलं. मुद्दे इथेही ठेवते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त धरले गेले, म्हणजे कादंबरीच्या लेखकाला जे संरक्षण तेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३बी आलं : बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. काकांचा वापर धंद्याचाच आहे, त्यामुळे ती सवलत इथे लागू होत नाही. शिवाय दिवाणी दाव्यात कोर्ट कमिशनर नेमून मशिनची पाहणी करवून घेऊ शकतं.

याच कायद्याने परवानाधारकाला काही हक्कही दिलेत. कलम ५२ प्रमाणे, रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसान होऊ नये म्हणून बॅकअप प्रत ठेवता येते. काकांना हे माहीत नव्हतं. ते अस्सल सीडीसुद्धा कपाटात लपवून ठेवत होते.

काका प्रकाशन व्यवसायात मुरलेले आहेत, म्हणून त्यांना पुस्तकाच्या कायद्यातून हे पटकन कळलं. अप्पा बळवंत चौकात एखाद्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती दिसली की ते संतापतात. त्यांनी अक्षरजुळणी केलेल्या एका पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती क्लासबाहेर विकल्या जात होत्या, तेव्हा लेखकाबरोबर तेही भांडायला गेले होते. पान वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चल, पुढे काय ते सांग."

१५ जुलै

केंद्रात सुट्टीत काम करणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे. हुशार आहे, बरेच क्रॅक त्यानेच चढवलेत. त्याने सरळ विचारलं, "एवढ्या श्रीमंत कंपन्यांना आपल्या चार कॉप्यांनी काय फरक पडतो?"

मी त्याला १९७६ ची गोष्ट सांगितली. तेव्हा बिल गेट्स विशीतला होता आणि कंपनी नुकतीच सुरू झालेली. अल्टेअर नावाच्या मशिनसाठी त्यांनी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली, लोकांनी त्याच्या टेप एकमेकांना वाटल्या. गेट्सने छंदी लोकांना उघड पत्र लिहिलं, त्यात म्हटलं होतं की अल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय. आजची श्रीमंत कंपनीसुद्धा एकदा आपल्यासारख्या खोलीत होती.

मग त्याला माझंही सांगितलं. नोकरी सोडल्यावर आम्ही तिघांनी ग्रंथालयांसाठी एक छोटं मराठी सॉफ्टवेअर केलं होतं : पुस्तकांची देवघेव, वर्गणी, दप्तर. एका तालुक्यात एका ग्रंथालयाने ते विकत घेतलं आणि आसपासच्यांनी त्यांच्याकडून उतरवून घेतलं. अडचण आली की फोन मात्र सगळ्यांचे आम्हालाच यायचे. दुसऱ्या वर्षी नवी आवृत्ती काढायला पैसे उरले नाहीत. ते सॉफ्टवेअर बंद पडलं, आणि ज्यांनी विकत घेतलं होतं तेही अडकले.

पायरसीच्या नुकसानीचे जे प्रचंड आकडे छापून येतात ते मला पटत नाहीत, हेही त्याला सांगितलं. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालात भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण ५६ टक्के दिलंय. प्रमाण खरं मानलं, तरी त्याची रुपयांतली किंमत म्हणजे बुडालेली विक्री नव्हे. क्रॅक मिळालं नसतं तर प्रत्येकाने विकत घेतलंच असतं असं नाही. पत्रिका करणाऱ्या दुकानाने फोटोशॉप घेतलं नसतं, दुसरं काहीतरी शोधलं असतं. आणि फुकट क्रॅकने नेमकं तेच मारलं. स्वस्तातलं, छोटं, आपल्या भाषेतलं काही कोणी करू गेलं तर त्याची स्पर्धा शून्य रुपयांतल्या महागड्या सॉफ्टवेअरशी. मोठी कंपनी हे सोसते. मराठी फॉन्ट करणारा माणूस सोसू शकत नाही.

मुलाचा पुढचा प्रश्न चांगला होता : मग विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट कसं? फुकट ते करणाऱ्याच्या परवानगीने आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला, लिनक्सही त्याच परवान्याखाली आहे. वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं वाटताना त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, तोही त्याच अटींवर द्या. ही अट टिकते ती कॉपीराइट कायद्याच्याच आधारावर. आज तो क्रॅक चढवतो, उद्या त्याने लिहिलेला मुक्त प्रोग्रॅम एखाद्या कंपनीने अटी मोडून लाटला तर तो याच कायद्याकडे धाव घेणार.

तो निघताना पुन्हा आला आणि या कामात मदत करू का विचारलं. घेतला त्याला.

२२ जुलै

गेले काही दिवस प्रत्येक ऑपरेटरशेजारी बसून काम बघितलं. आज कागदावर मांडलं आणि प्रकल्पाचं गणितच बदललं.

फोटोशॉप दोन मशिनवर आहे. त्यात होणारं काम : वधूवरांचा फोटो कापणं, उजळ करणं, गणपतीच्या चित्राची पार्श्वभूमी काढणं. हे गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये होतं. ऑफिसमध्ये होणारं काम : आलेली वर्ड फाइल उघडणं आणि मजकूर कॉपी करणं. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये होतं. कोरलवर खऱ्या अर्थाने एकच जण काम करतो, आमचा पत्रिकांचा माणूस. त्याच्या हाताला ते बसलंय आणि गिऱ्हाइकांच्या सीडीआर (कोरलच्या) फाइलही त्याच्याकडेच येतात. बाकीचे तिघे कोरल फक्त उघडून प्रिंट काढायला वापरतात. ऑपरेटरांतल्या ज्येष्ठ, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्या एकट्या पुस्तकं आणि दिवाळी अंक लावतात.

प्रत्येक मशिनवर सगळं हवं ही सवय क्रॅकनेच लावली. किंमत शून्य असली की काय लागतं हे कोणी विचारत नाही. परवाना मशिनला न मोजता कामाला मोजला तर काकांनी घाबरून मांडलेला खर्च एक तृतीयांशाच्याही खाली येतो.

ठरलं ते असं. ताईंसाठी इनडिझाइनचं (ॲडोबीचा पानं लावायचा प्रोग्रॅम) एक सबस्क्रिप्शन. पत्रिकेच्या माणसासाठी कोरलचा एक परवाना. दोन बऱ्यापैकी नव्या असेंबल मशिनसाठी विंडोज विकत घ्यायचं. दोन ब्रँडेड मशिनचं विंडोज ११ वर फुकट अपग्रेड होतं, त्यांना तो हक्क आहे. उरलेली तीन मशिन जुनी आहेत, त्यांत विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही आणि प्रोसेसरही चालणार नाही, त्यांच्यावर लिनक्स. विनरारच्या जागी मोफत सेव्हन-झिप. पेजमेकर कायमचा बंद. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांची आजची समान पद्धत, त्याला कळत नाही.

काकांनी एका ओळखीच्याने पाठवलेला संदेश दाखवला : काही शे रुपयांत विंडोजची की, लगेच ॲक्टिव्हेशन. मी नाही म्हटलं. की म्हणजे परवाना नव्हे. अशा बऱ्याच की कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातल्या असतात, आज चालतात आणि उद्या बंद होतात. जीएसटी बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यायचं. १८ टक्के जीएसटी लागतो खरा, पण काकांची नोंदणी आहे, त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्यांच्या भरायच्या करातून वजा होतो.

१२ ऑगस्ट

केंद्रात पाय ठेवायला जागा नाही. मंडळांचे कार्यकर्ते रात्री दहापर्यंत. ठरल्याप्रमाणे मशिनना हात लावला नाही. मी आणि तो मुलगा मागच्या खोलीत फॉन्टचं काम करतोय.

अडचण नव्या माणसाला समजावी म्हणून लिहिते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हं साठवलेली, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. फॉन्ट काढला की पानभर निरर्थक इंग्रजी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणून एकदा एका फॉन्टमध्ये पुस्तक लावलं की तो फॉन्ट जन्मभर सांभाळावा लागतो. तीन मशिनवर पॅच का चढवला, याचं ताईंनी दिलेलं उत्तर हेच होतं : "जुन्या फायली उघडायला नकोत का?"

यातला मजकूर लेखकाचा आणि केंद्राचा आहे, फॉन्ट त्याच्या कर्त्याचा. मजकूर युनिकोडमध्ये नेला की दोन्ही मोकळे होतात. त्यासाठी मांडणीचे तक्ते करतोय. साधी अक्षरं सरळ बदलतात. अडतं ते क्रमावर. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवतात, युनिकोडमध्ये जसं उच्चारतो तसं. 'आर्थिक' घ्या : जुन्या फाइलमध्ये आ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग थ, त्यावर रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. रफार मागून पुढे न्यायचा, वेलांटी पुढून मागे. जोडाक्षर आलं की आणखी गुंता. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा ऱ तर बऱ्याच तयार कन्व्हर्टरना ठाऊकच नसतो, ते रफार करून टाकतात. मुलाने यासाठी वेगळा नियम लिहिला.

लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइल उघडतात. मांडणी हलते, पण मजकूर निघतो, आणि आम्हाला तोच हवाय.

३० ऑगस्ट

गौरी-गणपतीत केंद्र दुपारनंतरच उघडतं. शांततेत मोफत फॉन्ट तपासले. सगळे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे : 'मुक्त' नावाचा फॉन्ट, बालू, नोटो, आयआयटी मुंबईचा शोभिका, तिरो देवनागरी मराठी, आणि रेड हॅटच्या पुढाकारातला लोहित. या परवान्यात व्यावसायिक वापर चालतो, पुस्तक छापून विकता येतं, फॉन्टची फाइल दुसऱ्याला देता येते, बदलही करता येतात. फक्त फॉन्ट एकटाच विकायचा नाही आणि बदललेला फॉन्ट पुन्हा त्याच परवान्याखाली द्यायचा.

ताईंनी कसोटीचं पान तयार केलं : ल आणि श मराठी वळणाचे की हिंदी, ऱ्य आणि ऱ्ह नीट बसतात का, ॲ, ळ, क्ष, ज्ञ, आणि १२ पॉइंटला अनुस्वार वेलांटीला चिकटतो का. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडली तरच मराठी ल येतो, ते सेटिंग लक्षात ठेवावं लागतं. पुस्तकाच्या मजकुरासाठी त्यांना तिरो आवडला. "आमच्या खिळ्यांच्या छपाईची आठवण येते," म्हणाल्या. पत्रिकेच्या माणसाला मात्र एकही पसंत नाही. पत्रिकेला जी नक्षीदार, लपेटीची अक्षरं लागतात ती यांत नाहीत, आणि त्याचं बरोबर आहे.

मग पॅकेजचा आणखी एक परवाना विकत घ्यायचा, असं मी सुचवलं. मराठी डीटीपीची पॅकेजेस करणारे लोक याच शहरात आहेत. भारतीय भाषांच्या कॉम्प्युटरकरणाचं मोठं काम इथल्या सी-डॅक या सरकारी संस्थेत झालं, श्रीलिपी हे पॅकेज इथल्याच मॉड्युलर कंपनीचं. परदेशातल्या कंपनीला आपण दिसत नाही असं म्हणायची सोय तरी तिथे असते. इथे अक्षर काढणारा माणूस बसने जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. एकेका जोडाक्षराला त्याने किती वेळ दिला असेल ते ताईंइतकं कोणाला कळणार? काकांनी एका शब्दाने वाद घातला नाही. नव्या पॅकेजमध्ये युनिकोड फॉन्टही आहेत, म्हणजे पुढची कामं अडकणार नाहीत.

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, आता मशिन हातात. पत्रिका आणि ताईंच्या मशिनवर विंडोज कोरं चढवलं. तीन मशिनवर लिनक्स. टायपिंग करणाऱ्या बाई जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर वेगात लिहितात, ती मांडणी युनिकोडसाठीही मिळते, म्हणून त्यांची बोटं अडली नाहीत. हे नसतं तर त्यांनी लिनक्स पहिल्याच दिवशी नाकारलं असतं.

दुसऱ्या डिझाइनरला कोरलच्या जागी मोफत इंकस्केप दिलं. त्याच्या पहिल्या पत्रकाची फाइल प्रेसने परत पाठवली : काळी अक्षरं चारही रंगांत आलीत, बारीक मजकूर सरकतोय. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं, त्यातला काळा छपाईला चार शाईंचा होतो. आता पद्धत अशी : चित्र आणि आकार इंकस्केपमध्ये, मजकूर स्क्राइबस या पानं लावायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये शंभर टक्के काळ्यात, आणि छपाईची पीडीएफ स्क्राइबसमधूनच. सोनेरी शाईचा स्पॉट कलरही तिथेच देता येतो. दुसऱ्या पत्रकाला प्रेसचा फोन आला नाही.

२४ सप्टेंबर

ताईंचा पहिला दिवाळी अंक इनडिझाइनमध्ये लागतोय. त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू केली की देवनागरी नीट जुळते. लेखकांचे लेख आता व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्येच येतात, पूर्वी ते जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यायला अर्धा दिवस जायचा, तो वाचला. प्रूफात अर्ध्या ऱ च्या चुका जवळपास संपल्या.

सबस्क्रिप्शनबद्दल माझ्या मनात एक शंका आहे आणि ती काकांना स्पष्ट सांगितली. ॲडोबीने २०१३ मध्ये विक्री सोडून महिन्याच्या भाड्याकडे मोर्चा वळवला. भाडं थांबलं की आपलीच फाइल आपल्याला उघडता येत नाही. छोट्या धंद्यावर हा अन्याय आहे असं मला वाटतं. पण अन्याय वाटला म्हणून क्रॅक हे उत्तर नाही, दार उघडं ठेवणं हे उत्तर आहे. प्रत्येक पूर्ण झालेलं काम आता तीन रूपांत ठेवायचं : मूळ फाइल, आयडीएमएल (इनडिझाइनबाहेरही नेता येणारं रूप) आणि पीडीएफ. आयडीएमएल स्क्राइबसमध्ये उघडते.

९ ऑक्टोबर

पूर्वी गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन यायचं आणि आमच्याकडून फाइलबरोबर फॉन्टही घेऊन जायचं. हे केंद्र फक्त चोरीच्या प्रती वापरत नव्हतं, वाटतही होतं. आता काउंटरवर नियम लावलाय : पीडीएफ मिळेल, मुक्त परवान्याचा फॉन्ट असेल तर तोही मिळेल, विकत घेतलेला फॉन्ट मिळणार नाही. पत्रिकेच्या माणसाला फॉन्टच्या आतली परवानगीची खूण तपासायला शिकवलं. फॉन्ट एम्बेड करता, म्हणजे पीडीएफच्या आत घालता येतो, फक्त छपाईपुरता येतो की अजिबात येत नाही, ते त्या खुणेवरून कळतं. जिथे एम्बेड करायची मुभा नाही तिथे कर्त्याला विचारायचं, नाहीतर दुसरा फॉन्ट घ्यायचा.

एक जुनं गिऱ्हाईक चिडून गेलं. एका मंडळाचे कार्यकर्ते मात्र 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट घेऊन गेले आणि त्यांच्या अहवालात वापरले.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चं एकही मशिन उरलेलं नाही. लॅपटॉपवरचं ऑफिस काढून लिब्रेऑफिस दिलं. अँटिव्हायरसमध्ये वगळलेलं एकही फोल्डर नाही. दोन्ही दिवाळी अंक प्रेसला गेले.

३ नोव्हेंबर

परवान्यांची वही सुरू केली. मशिन, प्रोग्रॅम, परवान्याचा प्रकार, बिल क्रमांक, मुदत. बिलं एका फायलीत, त्यांची स्कॅन प्रत बाहेरच्या डिस्कवर. वही हिशेबनिसांकडे राहील, दर तिमाहीला जीएसटीच्या कामाबरोबर ते तपासतील. नवीन काही चढवायचं तर आधी वहीत नोंद, हे मुलाने स्वतः सुचवलं.

'ऑल फॉन्ट्स न्यू' सगळ्या मशिनवरून काढलं. बरीच पुस्तकं युनिकोडमध्ये आली, जुन्या पेजमेकर फाइल अजून उरल्यात. डोंगलवाल्या अस्सल पॅकेजमधले फॉन्ट ज्यांत आहेत त्या ताईंच्याच मशिनवर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, त्यांना घाई नाही. ज्यांचे फॉन्ट कुठून आले ते कळत नाही, त्यांचा मजकूर आमच्या तक्त्यांनी आधी काढायचा. त्यांतली तीन पुस्तकं पुढच्या वर्षी पुनर्मुद्रणाला येणार आहेत, ती डिसेंबरात घेते. ऱ चे नियम आणि मांडणीचे तक्ते मुलगा जीपीएलखाली खुले करणार आहे, म्हणजे इतर केंद्रांनाही वापरता येतील. त्याआधी त्यांत कोणाच्या फॉन्टचा तुकडा राहिलेला नाही ना, हे आम्ही दोघं शनिवारी बसून तपासणार आहोत.